शालिकरामची मोकळी टोकं

शालिकरामला नाही म्हणता येत नसे. गल्ली या गोष्टीला गुण म्हणायची. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि त्या गुणाचे परिणाम रोज संध्याकाळी माझ्याच टीव्हीच्या पडद्यावर भोगायचो, म्हणून मी त्याला सरळ खोड म्हणायचो.

आमची गल्ली नागपुरातल्या महाल भागातली, बडकस चौकापासून हाकेच्या अंतरावर. रुंदी एवढीच की समोरासमोर दोन सायकली आल्या तर एकानं उतरायचं, आणि कुणी उतरायचं यावर आधी भांडायचं. गल्लीच्या तोंडाशी शालिकरामचं घर, मधोमध आमचं, आणि पार शेवटी, जिथे गल्ली संपून भिंत लागते तिथे, त्याचा थोरला भाऊ रुपराव राहायचा. कळमेश्वरकडचं शेतकरी घराणं. थोडं ओलिताचं वावर, थोडा संत्र्याचा बगिचा, आणि खाणारी तोंडं फार. रुपराव आधी शहरात येऊन कचेरीत कारकून झाला आणि मग त्यानं धाकट्याला आणलं. बाप लवकर गेलेला, म्हणून शालिकरामचं शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं रुपरावानं पाहिलं. शालिकराम त्याला दादा म्हणायचा, पण त्या हाकेत बापच असायचा.

हिंगण्याला कारखाने निघाले तसा शालिकराम तिथे फिटर म्हणून लागला. सकाळी कंपनीची बस चौकात यायची. तो बसमध्ये चढायचा तेव्हा हातात दुसऱ्या कुणाचा तरी बिघडलेला स्टोव्ह असायचा आणि उतरायचा तेव्हा तो दुरुस्त झालेला असायचा. कुणी शिडी मागितली तर हा शिडी द्यायचाच, वर ती धरायला स्वतः जायचा. एकदा शिडी दुसऱ्याची, भिंत तिसऱ्याची, आणि खाली धरून उभा शालिकराम, असंही मी पाहिलं आहे. त्याची बायको रुखमाबाई म्हणायची, "आमचे हे गल्लीचे जावई हायेत, घरी फक्त जेवाले येते." म्हणायची रागानं, पण ताट वाढून बसलेली असायची.

एशियाडच्या सुमारास नागपुरात टीव्ही दिसू लागला आणि गल्लीतला पहिला सेट शालिकरामकडे आला. त्यानं घरावर एवढा उंच पाइप उभा केला की खालून पाहताना टोपी पडावी. त्यावर अँटेना, खाली एक बूस्टर. पहिले काही महिने अख्खी गल्ली त्याच्या बैठकीत असायची. मग एकेकानं सेट घेतले. पण स्वतःचा पाइप कोण उभारतो? शालिकरामची अँटेना आहे ना! ज्यानं त्यानं येऊन म्हणायचं, "शालिकभाऊ, एक वायर द्या ना आम्हाले," आणि यानं सुटीच्या दिवशी गोल काळ्या वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघायचं. मूळ वायर सोलायची, तांब्याची तार पिळायची, वरची जाळी गुंडाळायची, काळी टेप मारायची, की झाला जोड. वर्षा-दोन वर्षांत त्याच्या घरापासून रुपरावाच्या भिंतीपर्यंत, एका छपरावरून दुसऱ्या छपरावर, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, वायरींचं असं जाळं झालं की पतंग उडवणाऱ्या पोरांनी आमच्या गल्लीवर बहिष्कार टाकला.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण प्रत्येक जोडाशी हा गृहस्थ वायरीचं एक जास्तीचं टोक सोडायचा. चांगलं हातभर, कुठे कुठे वावभर. गुंडाळून खिळ्याला टांगलेलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उद्या कोनी मांगलं त मंग? पुन्हा वायर सोलाची काय?" तो म्हणाला. "सर, वावरात पाट काढतो ना आपन, तवा शेजाऱ्याच्या बाजूनं एक तोंड ठेवतोच. माती लावून ठेवाची. पानी तिथं येते, उभं राहते, वाट पाहते. शेजारी आला की माती काढली, झालं. मांगनाऱ्याले थांबवू नये म्हनते."

त्यांच्या गावची रीत तशीच होती. शेजाऱ्याच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, तोंड न ठेवता पाट काढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. या माणसानं ती रीत जशीच्या तशी उचलून टीव्हीच्या वायरीला लावली होती. आता हे पाणी नाही, ही लहर आहे, आणि लहर कुणाची वाट पाहत उभी राहत नाही, हे त्याला कोण सांगणार? मी सांगणार. पण ऐकणार कोण?

आमच्या गल्लीतल्या पडद्यांवर सगळी दुनिया जुळी होती. बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच एक फिकी बहीण बसलेली असायची. क्रिकेट असलं की एकच बॉल दोन बॅट्समन मारायचे आणि दोघेही आउट व्हायचे. लोकांना त्याची सवय झाली होती. आमच्या सौभाग्यवती, तारा, म्हणायच्या, "असू द्या ना, दोन दिसतात तर दोन. कमी तर दिसत नाही ना?" या घरात मी फिजिक्स शिकून काय मिळवलं, असा प्रश्न मला अशा वेळी पडायचा.

शेवटी एका रविवारी मी शालिकरामला आमच्या अंगणात उभं केलं. कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं हातात घेऊन ताणलं आणि एक झटका दिला. दोरीवरून एक उंचवटा पळत गजापर्यंत गेला आणि तसाच पळत माझ्या हाताकडे परत आला. वाटेत ताराची ओली साडी मातीत पडली, त्याचं पुढे जे झालं ते इथे सांगत नाही.

"आली! वापस आली!" शालिकराम टाळी वाजवून ओरडला. "करा, करा, पुन्हा एक डाव करा सर."

"तुमच्या मोकळ्या टोकांशी हेच होतं," मी म्हणालो. "टीव्ही लावलेला असला की लहर त्यात शिरते आणि संपते. टोक नुसतंच लोंबत असलं की तिला जायला जागा नाही. ती आल्या पावली परत फिरते. जोडाशी येते, तिथे तिचे वाटे होतात. थोडी इकडे जाते, थोडी तिकडे, आणि उशिरा आलेली ती पुन्हा सगळ्यांच्या टीव्हीत शिरते. तीच ती दुसरी बाई."

मग मी जरा वाहवलो, कबूल आहे. एमएस्सीला असताना वाचलेलं सगळं एकदम वर आलं. कपाटात ठेवतो त्या डांबरगोळीच्या रेणूत अणूंची दोन षटकोनी कडी असतात, आणि इलेक्ट्रॉन त्या कड्यांवरून लहरीसारखे फिरतात, प्रत्येक जोडावर त्यांचे असेच वाटे होतात, असं मानून लोकांनी गणितं केली होती. मी ती परीक्षेपुरती पाठ करून विसरलो होतो. आणि इथे, माझ्या डोक्यावर, छपरांवरून, शालिकरामनं तेच गणित काळ्या टेपनं चिकटवून ठेवलं होतं. मला त्याचा राग यायचा, पण त्या दिवशी खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली गोष्ट पहिल्यांदा गल्लीत भेटली होती.

शालिकरामनं सगळं ऐकून घेतलं. "बरं," तो म्हणाला, "मंग कराचं काय?"

"टोकं कापायची."

त्याचा चेहरा पडला. "अन् उद्या कोनी मांगलं त?"

मी कपाळाला हात लावला. दुसरा उपाय होता. सीताबर्डीवरच्या रेडिओच्या दुकानात पंचाहत्तर ओमचे रेझिस्टर मिळत. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, अंगावर रंगीत पट्टे. मोकळ्या टोकाला तो जोडला की लहर त्यात शिरते आणि मुकाट्यानं जिरते. लहरीला वाटतं इथे टीव्हीच आहे.

"म्हंजे तिले फसवाचं?" शालिकरामला ते पटलं नाही. "अन् ज्याच्यासाठी टोक ठेवलं, त्याच्या जागी हा दगड बसवाचा?"

इथे माझं फिजिक्स संपलं आणि ताराचं सुरू झालं. ती आतून साडी पिळत म्हणाली, "अहो शालिकभाऊ, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता ना? तसा समजा. माणूस आला की रुमाल उचलायचा."

"असं सांगा ना मंग!" शालिकराम खुलला. "सर त उगीच इलेक्ट्रॉन सांगून राहिले."

ही गोष्ट झाली डिसेंबरातली. रेझिस्टर आणायचे, टोकं शोधायची, सगळं आज करू उद्या करू चाललं होतं. पण त्याच महिन्यात शालिकरामच्या घरात एक वेगळंच प्रकरण उभं राहिलं आणि मग त्या टोकांना फार महत्त्व आलं.

त्याची एकुलती मुलगी शामला आमच्याच कॉलेजात बीएस्सीला होती. एनसीसीत होती. उंच, काटक पोरगी, चालायला लागली की गल्लीतली कुत्री बाजूला व्हायची. तिची निवड झाली दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी. महिनाभर तिकडे शिबिर, आणि निवड टिकली तर राजपथावर संचलन. तिनं बापाला विचारलं. बाप म्हणाला, "जा बेटा."

त्याच आठवड्यात रुपरावानं शामलासाठी काटोलकडचं एक स्थळ आणलं. मंडळी जानेवारीच्या पहिल्या रविवारी पाहायला येणार. त्यानं धाकट्याला विचारलं, "बोलावू ना?" धाकटा म्हणाला, "बोलवा ना दादा."

दोघांनाही हो म्हणून हा हिंगण्याला कामावर गेला. रुखमाबाई रोज म्हणायची, "दादाले सांगा. पोट्टी दिल्लीले जाऊन राहिली म्हना." हा रोज म्हणायचा, "सांगतो, सांगतो." शामला गेली. नवीन वर्ष लागलं. रविवार उजाडला. काटोलची मंडळी जीप करून आली, पोहे झाले, चहा झाला, आणि रुपराव हसून म्हणाला, "बोलवा आता पोरीले."

"ते दिल्लीले हाय," शालिकराम म्हणाला.

मी तिथे नव्हतो, पण भिंतीला कान असतात आणि आमच्या गल्लीत भिंती फार. मंडळी आधी थट्टाच समजली. मग खरं कळल्यावर त्यांच्यातला एक म्हातारा म्हणे इतका हसला की त्याला ठसका लागला. रुपराव मात्र हसला नाही. पाहुणे गेल्यावर तो आपल्या घरी गेला, टीव्हीच्या पाठीमागची वायर उपटली आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडला, "आजपासून तुया वायरीचं मले काही नको! तुले मी मानूस केलं, अन् तू मले चारचौघांत भैताड बनवलं!" त्यानं दार लावलं. त्या दिवसापासून त्या घरातून रेडिओ मोठ्यानं ऐकू येऊ लागला.

शालिकराम दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी माफी मागायला गेला तर दार उघडलंच नाही. संक्रांतीला रुपरावाची बायको सुभद्रा रुखमाबाईकडे हळदीकुंकवाला आली, दोघी पोटभर बोलल्या, वाण झालं. पण रुपरावानं गल्लीतल्या कुत्र्यालाही तिळगूळ दिला असेल, भावाला दिला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून जळतच होता.

आणि मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शामलाचा ट्रंककॉल आला. ती परेडमध्ये होती. सलामीच्या बाजूच्या रांगेत, पुढून तिसरी. रुखमाबाईनं फोन ठेवला आणि तिथल्या तिथे दुकानदाराला मूठभर गूळ मागून तो त्यालाच खायला घातला. पुढून तिसरी! टीव्हीवर दिसणार! घरी येईपर्यंत मात्र तिच्या लक्षात आलं, आणि ती सरळ माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, आपल्या टीव्हीत एकाचे दोन दिसते. इतक्या पोट्ट्या एकसारख्या कपड्यात, त्याच्या दुप्पट झाल्यावर मले माही पोट्टी कशी सापडन?"

तिचे डोळे भरले होते. या बाईनं कधी नागपूरच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि दिल्लीला जा म्हणून पोरीच्या मागे तीच लागली होती. पोरगी तिथे पोचली हे तिला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. मी म्हणालो, "सापडेल. मी करतो."

दुसऱ्याच दिवशी मी बर्डीवरून रेझिस्टरची पुडी आणली. शालिकराम आणि मी छपराछपरांवरून फिरलो. तो टोक सोलायचा, मी दाणा धरायचो, तो झाळायचा, वर टेप मारायचा आणि प्रत्येक ठिकाणी हळूच म्हणायचा, "रुमाल टाकला." खाली पडदे स्वच्छ होत चालले. माणसांच्या कडा जाड दिसायच्या त्या बारीक झाल्या. लोक आपापल्या खिडकीतून ओरडून सांगू लागले. बातम्यांच्या बाई जवळजवळ एकट्या झाल्या.

जवळजवळ. एक फिकी बहीण उरलीच. अर्ध्या बोटाच्या अंतरावर, हट्टानं. मी फूटपट्टी घेऊन शालिकरामच्या पडद्याला चिकटलो. भूत जेवढं लांब सरकलेलं, तेवढा लहरीला परतायला उशीर, म्हणजे तेवढं ते टोक दूर. गणित करून वर पाहिलं तर शालिकराम आधीच समजला होता. एवढ्या लांब गल्लीत एकच वायर जात होती. रुपरावाच्या घरातली, टीव्हीमागे उपटून टाकलेली.

मी रुपरावाकडे गेलो. त्यानं मला आदरानं बसवलं, चहा दिला. टीव्हीवर सुभद्राबाईंनी विणलेला रुमाल घातलेला होता, आणि मागे वायर भिंतीला टेकून लोंबत होती. मी म्हणालो, फक्त हा दाणा त्या वायरीला लावू द्या.

"विश्वनाथराव, तुमी चांगले मानूस हा," तो म्हणाला, "पन माया घरात त्याचा दाना नाही लागनार. टीव्ही मी विकून टाकतो."

परत आलो आणि शालिकरामला म्हटलं, सोपं आहे. शेवटच्या जोडाशी, आपल्या बाजूला, दादांची वायर कापून टाका. सव्वीस तारखेनंतर पुन्हा जोडा.

शालिकरामनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विहिरीत उडी मार म्हटलं होतं. "दादाची वायर मी तोडू?" तो म्हणाला. "सर, आमच्या बापानं एक डाव काकाच्या वावराचं तोंड बुजवलं. रागात. एका दिवसासाठी. मंग मरेपर्यंत ते दोघं बोलले नाही. काका मयतीले पन आला नाही. दादानं वायर काढली ते ठीक, ते मोठे हायेत. मी नाही तोडनार."

"अन् माही पोट्टी?" रुखमाबाई आतून म्हणाली.

"दोन दिसन त दोन पाहू," शालिकराम म्हणाला आणि तोंड फिरवलं. या माणसाला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणता आलं, तेही नेमकं इथे. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याचा फार लोभही वाटला.

सव्वीस जानेवारीला सकाळी आम्ही सगळे शालिकरामच्या बैठकीत. थंडी होती, दारात ऊन येत होतं. रुखमाबाई नवं लुगडं नेसून पडद्यासमोर बसली होती आणि तिच्या मांडीवर पक्कड होती. नवऱ्याची, चांगली मोठी, लाल मुठीची.

"हे कायले?" शालिकरामनं विचारलं.

"तुमी नका तोडू," ती म्हणाली. "मी तोडतो. तुमचा काका माहा कोनी नव्हता. एनसीसी यायच्या आत साफ नाही झालं त मी स्टुलावर चढतो."

राष्ट्रपती आले, दोघे. झेंडा फडकला, दोन. रणगाडे गेले, घोडे गेले, सगळे आपापल्या सावत्र भावंडांसकट. रुखमाबाई दर पथकाला मला विचारायची, "आता काय येते?" मी सांगायचो. सीमा सुरक्षा दलाचे उंट आले. सजवलेले, वर मिशीवाले जवान, आणि एकेका उंटाच्या पाठीवर दोन दोन वशिंडं. मी म्हटलं, आता यांच्यानंतर फार वेळ नाही.

रुखमाबाई उठली. पक्कड हातात घट्ट धरली. शालिकरामनं डोळे मिटले. ती दारापर्यंत गेली, आणि तेवढ्यात तारा ओरडली, "अगं बाई, वशिंड गेलं!"

मी पाहिलं. उंटाला एकच वशिंड होतं. जवानाच्या मिशा एकाच्याच होत्या. झेंड्याची काठी सरळ, एकटी, कोरून काढल्यासारखी. इतका स्वच्छ पडदा आमच्या गल्लीत कधी कुणी पाहिला नव्हता. रुखमाबाई दारातच थबकली. "मी अजून तोडली नाही न बाप्पा," ती पक्कड दाखवत म्हणाली.

मला एक क्षण लागला. लहर परत येत नव्हती. म्हणजे तिला शिरायला जागा मिळाली होती. उघडं टोक एकच उरलं होतं, आणि त्या टोकाला आता या क्षणी कुणीतरी टीव्ही लावला होता.

मी शालिकरामकडे पाहिलं. त्याला सांगायची गरज नव्हती. त्यानं आपल्या हातानं जोडलेलं जाळं होतं ते, त्याचा धागा न् धागा त्याला ठाऊक होता. "दादानं लावला," तो म्हणाला. "दादा पाहून राहिले."

"आली! आली!" रुखमाबाईनं पक्कड टाकून दिली आणि पडद्याकडे धावली. मुलींचं पथक येत होतं. टोप्या, तुरे, एका तालात हलणारे हात. एक मुलगी, एकच मुलगी. कडेची रांग, पुढून पहिली, दुसरी, आणि तिसरी. मान वळवून, हनुवटी वर करून, शामला. खरंच शामला. मला चष्मा पुसावा लागला. रुखमाबाईनं पडद्यावर हात ठेवला आणि पथक त्या हाताखालून पुढे गेलं. ती रडत होती आणि हसत होती, आणि प्रत्येकाला सांगत होती, "पाहिली ना? तिसरी! पाहिली ना वं तारा?"

शालिकराम मात्र तिथे नव्हता. तो गल्लीत उभा होता, अनवाणी. गल्लीच्या त्या टोकाचं दार बंदच होतं. त्यानं तोंडाशी हात धरून हाक मारली, वावरात या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर मारतात तशी.

"दादा! दिसली काय?"

दाराआडून रुपरावाचा आवाज आला. "चूप बैस ना गा! पाहू दे!"

सगळी गल्ली खिडक्यांत आली होती. कुणी हसलं नाही. शालिकराम तिथेच ओट्यावर बसला आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. बऱ्याच वेळानं त्या टोकाची कडी वाजली. रुपराव बाहेर आला, खांद्यावर शाल, आणि भावाकडे न पाहता, वरच्या वायरींकडे पाहत म्हणाला:

"बारीक झाली गा पोट्टी. आली की पहिले माह्याकडे जेवाले आन तिले."